पट्टी काढायची की टेप मारायची?

"शेठ, पट्टी काढायची की नुसती टेप मारायची?" जुनी मोटार रंगवायला नेली की डेंटर-पेंटरच्या गॅरेजमध्ये हा प्रश्न ठरलेलाच असतो. विचारणारा घाईत असतो, उत्तर देणारा त्याहून घाईत असतो, आणि बहुतेक वेळा उत्तर येते, "मारा टेप. किती दिवसांत देता ते सांगा." आम्हीही एकदा हेच उत्तर दिले होते. त्याची किंमत पुढे काही वर्षे चुकती करावी लागली, म्हणून आज कापडाच्या भावाऐवजी मोटारीच्या पट्टीबद्दल लिहीत आहोत.

कापडवाल्याला मोटारीच्या पट्टीशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे. धातूच्या पट्टीला चकाकी आणणारे जे चाक असते, ज्याला कारागीर बफ म्हणतात, ते सुती कापडाच्या चकत्या एकावर एक शिवून केलेले असते. त्यासाठी लागणारे कोरे कापड आमच्यासारख्याच्या दुकानातून जाते. शिवाय आमच्या धंद्यात जुन्या जरीच्या लुगड्याला नवा रंग द्यायचा असेल तर जाणता रंगारी जरीचा काठ आधी उसवून बाजूला ठेवतो, लुगडे रंगवतो आणि काठ पुन्हा लावतो. काठासकट कढईत बुडवणारा रंगारी स्वस्त पडतो, परंतु जरी काळवंडते आणि काठाच्या दुमडीत रंग पोहोचतच नाही. मोटारीचेही तेच आहे. हे आम्हाला दुकानात बसून ठाऊक होते, तरी गॅरेजमध्ये गेल्यावर आठवले नाही.

आता ही जुनी मोटार म्हणजे कोणती? आपल्या सातारा-सांगलीकडे संस्थानिकांच्या मोटारी फार थोड्या उरल्या आहेत. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक बाहेर येते तेव्हा लोक ती बघायला गर्दी करतात. पण तसल्या मोटारीचे काम आपल्या गॅरेजमध्ये येणार नाही. आपल्याकडे येते ती फियाट आणि ॲम्बेसेडर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली, आणि पुढे सत्तरच्या दशकात तीच मोटार प्रीमियर पद्मिनी झाली. व्यापारी, डॉक्टर, वकील, साखर कारखान्याचे संचालक, सर्वांच्या दारात ती असे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून तर ती तीस ऑक्टोबर २०२३ ला कायमची उतरली. ॲम्बेसेडरचा उत्तरपाड्याचा कारखाना त्याआधी २०१४ मध्येच थांबला होता. म्हणजे नवी आता येणार नाही. जी आहे ती गोठ्यात, गोदामात, वाड्याच्या देवडीत झाकून ठेवलेली आहे, आणि तिच्या मालकाची मुले ती आता पुन्हा रस्त्यावर काढू लागली आहेत.

सरकारी नियमानेही या मोटारींना एक निराळी जागा मिळाली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने विंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक झालेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि जिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नाही अशी मोटार विंटेज म्हणून नोंदवता येते. जिची आधी नोंदणी झालेली आहे तिला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदवायची तर व्ही-ए अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये ठरवली गेली, मुदत दहा वर्षे. अशा मोटारीने धंदा करता येत नाही, रोजच्या वापरालाही ती नाही. मेळावा, प्रदर्शन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. आता हिशेब करा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नोंदलेल्या फियाट आणि ॲम्बेसेडर या पन्नाशीच्या पलीकडे गेल्या आहेत. 'मूळ स्वरूप' या दोन शब्दांना आता पैशाचे मोल आले आहे. आणि बघणारा माणूस मूळ स्वरूप आधी कशावरून ओळखतो? बोनेटवरची पट्टी, दाराची पट्टी, मागचा मोनोग्राम, दिव्याची कडी, पुढची जाळी यांवरूनच. तेच सामान आपल्या गॅरेजमध्ये पेचकस घालून उचकटले जाते किंवा टेपखाली दडपले जाते.

आता आमची हकीकत. आमच्या मरहूम वडिलांनी १९७९ साली दुसऱ्या हातातली फियाट घेतली. नव्या मोटारीसाठी त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि तेवढे थांबणे आम्हाला परवडणारे नव्हते. त्या मोटारीच्या मागच्या सीटवर इचलकरंजीचे तागे येत आणि टपावर गाठोडी बांधलेली असत. मोटारीचा मूळ रंग फिकट निळा होता. काही वर्षांपूर्वी घरात लग्न निघाले आणि मुलांनी हट्ट धरला की वरात आजोबांच्या मोटारीतून निघाली पाहिजे. हाताशी दिवस दहा. गॅरेजवाल्याने तोच प्रश्न विचारला, आम्ही तेच उत्तर दिले. दहाव्या दिवशी मोटार अशी चमकत आली की भाऊबंदांनी हात फिरवून पाहिला. दोन पावसाळे गेले. दाराच्या पट्टीच्या खालच्या कडेने मोहरीएवढे फोड दिसू लागले. तिसऱ्या पावसाळ्यात ते वाटाण्याएवढे झाले, आणि एक दिवस कपड्याने पुसताना पट्टीच्या बाजूची रंगाची सालच हातात आली. सालीखाली लाल गंज. त्यात टेपची कड जिथे संपली होती तिथे रंगाची एक उभी धार राहिली होती, साल तिथूनच सुटत गेली.

गॅरेजवाल्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे होते. आम्ही तसे गेलोही. तो म्हणाला, "शेठ, तुम्हीच म्हणाला होता, टेप मारा." हे खरे होते. मात्र एक गोष्ट त्यानेही लपवली होती. मागचा मोनोग्राम काढताना त्याची एक पिन तुटली होती, ती त्याने चिकटवून दिली आणि आम्हाला सांगितले नाही. डाव्या बाजूची मागची पट्टी त्याच्या पोराने पेचकस घालून उचकटायचा प्रयत्न केला होता. ती वाकली, म्हणून तशीच दाबून बसवली आणि मग बाकीच्यांवर टेप मारली. म्हणजे काढायला सुरुवात झाली होती. जमले नाही म्हणून टेप आली. आमच्या मते पुष्कळ ठिकाणी असेच होत असावे: घाई गिऱ्हाइकाची असते आणि भीती कारागिराची, आणि दोघे मिळून टेपचा रोल आणतात.

दुसऱ्यांदा मोटार आम्ही मिरजेला एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी रंगाचे नावही काढले नाही. आधी दारांच्या आतले पुठ्ठे काढायला लावले आणि आत हात घालून म्हणाले, "भाई, पट्टी बाहेरून दिसते, पण तिची चावी आत असते." आत पट्टीच्या टोकाला बारीक आट्याची दांडी आणि तिच्यावर नट होता. मधल्या भागात पट्टी स्प्रिंगच्या क्लिपांवर बसवलेली होती. बाहेरून ओढणाऱ्याला हा नट ठाऊक नसतो. तो मधली क्लिप सोडवतो, टोक सुटत नाही, आणि पट्टी तिथेच मुडपते. स्टेनलेसच्या पातळ पट्टीला एकदा मुडप पडली की ती ठोकून सरळ करता येते, पण उन्हात तिरपे पाहिले की जागा दिसतेच.

मिस्त्रींनी त्या नटांवर गंज सोडवणारे तेल टाकले आणि आम्हाला उद्या यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी नट हलक्या हाताने सुटले; एक आटला होता, तो दांडी तुटू नये म्हणून करवतीच्या पात्याने कापून काढला. मग बाहेरून पट्टी. पेचकस त्यांनी हातात घेतलाच नाही. बांबूची कामटी तासून चपटी केली, तिला कापडाची चिंधी गुंडाळली आणि क्लिप जिथे असेल तिथे, वीतभर अंतराने, थोडे थोडे उचलत गेले. एका टोकाकडून सगळी पट्टी सोलून काढणे नाही. या क्लिपेला जरा, मग पुढच्या क्लिपेला जरा, पुन्हा मागे. सकाळच्या गारठ्यात हे काम त्यांनी केले नाही, ऊन चढेपर्यंत थांबले. का, असे विचारले तर म्हणाले, गारठ्यात जुने रबर आणि मळ दगडासारखा असतो. मोनोग्रामच्या पिना त्यांनी डिकीच्या आतून लाकडाच्या खुंटीने दाबून बाहेर काढल्या. जस्ताच्या ओतकामाचा मोनोग्राम ठिसूळ असतो, बाहेरून तरफ लावली की पिन मुळाशी तुटते. आमची तशीच तुटली होती.

पट्टी निघाली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली, मातीचा एक लांबच लांब वळ. कित्येक वर्षांची धूळ पावसाच्या पाण्याने तिथे चिकटून बसली होती, आणि पाऊस संपल्यावरही ती ओल धरून राहत असणार. क्लिपेसाठी कारखान्यात पाडलेल्या भोकांच्या कडा उघड्या पत्र्याच्या असतात. क्लिप बसवताना त्यावरचा रंगही खरवडला जातो. त्यात पट्टी एका धातूची, पत्रा दुसऱ्या धातूचा. दोन निराळे धातू ओल्या मातीत एकमेकांना लागून राहिले की त्यातला एक झिजतो, आणि येथे झिजतो तो पत्रा. टेप मारून दिलेला रंग या जागेपर्यंत कधीच जात नाही. वरून कितीही उंची रंग मारा, गंज आतून भोकाभोवती पसरतो आणि रंगाला खालून उचलतो. आमच्या मोटारीच्या तीन भोकांची जागा पत्रा कापून नव्याने झाळावी लागली. पहिल्या वेळीच पट्टी काढली असती तर घासून, गंजरोधक प्रायमर भोकाच्या आतल्या कडेपर्यंत लावून भागले असते.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक लागली. पट्टीच्या खाली बोटभर रुंदीची फिकट निळ्या रंगाची रेघ होती. कारखान्यातला तो रंग होता, ऊन न लागलेला. वरचा रंग दोनदा बदलला होता आणि आम्ही आठवणीने जो निळा सांगत होतो तो मुळात तसा नव्हताच. खरा रंग किंचित हिरवटाकडे झुकणारा होता. मिस्त्रींनी पॉलिश पेपर मारण्याआधी त्या रेघेशी रंगाच्या दुकानाचा नमुना जुळवला. ज्याला विंटेज नोंदणी करायची आहे, किंवा फक्त वडिलांची मोटार वडिलांच्या वेळेसारखी हवी आहे, त्याच्यासाठी ही रेघ कागदपत्रासारखी आहे. ती खरवडण्याआधी दिवसाच्या उजेडात फोटो घ्यावा आणि नमुना जुळवून घ्यावा. एकदा पेपर फिरला की गेली.

सगळीच पट्टी काढली पाहिजे असा आमचा हट्ट नाही. टपाच्या कडेला पाणी वाहून जाण्याची जी पन्हळ असते, तिच्यावर दाबून बसवलेली पट्टी फार पातळ असते आणि काढताना हमखास वाकते. ती धड असेल, खाली गंज दिसत नसेल, तर ती राहू द्यावी आणि तेवढीच झाकावी. पुढच्या काचेच्या रबरात बसवलेली चकचकीत पट्टी काढायची म्हणजे काच आणि रबर दोन्ही काढणे आले. जुने रबर निघताना तुटते. नवे रबर हातात असल्याशिवाय त्या कामाला हात घालू नये, नाहीतर मोटार महिना-दोन महिने काचेवाचून उभी राहते. रबर मिळत नसेल तर मिस्त्रींनी एक युक्ती दाखवली, तिला आमच्या दुकानातलाच माल लागला. रबराच्या ओठाखाली परकराची सुती नाडी सरकवत न्यायची. ओठ उचलला जातो, रंगाचा फवारा त्याच्या आतपर्यंत जातो, आणि नाडी काढली की ओठ रंगाच्या कडेवर बसतो.  दाराच्या आणि बोनेटच्या पट्ट्या, मोनोग्राम, दिव्यांच्या कड्या, दारांच्या मुठी, बंपर, जाळी यांना मात्र कोणतीही सबब चालणार नाही. ते निघालेच पाहिजे.

काढलेल्या सामानाचे पुढे काय होते, यावर आमच्या बंधूंनी जास्त लक्ष द्यावे असे वाटते. पट्ट्या भिंतीला टेकवून ठेवल्या जातात. कोणीतरी वरून पाय देतो. क्लिपा जुन्या डब्यात, डबा बाकाखाली, आणि पंधरा दिवसांनी कोणती क्लिप कुठली हे पोराला आठवत नाही. मिस्त्रींनी आमच्याकडून मांजरपाटाचे चार वार कापड मागून घेतले. एकेक पट्टी लाकडी फळीवर आडवी ठेवून कापडात गुंडाळली, प्रत्येकीवर चिठ्ठी: 'डावे पुढचे दार', 'उजवे मागचे'. तिच्याच क्लिपा आणि नट छोट्या पिशवीत, पिशवी तिच्याच फळीला बांधलेली. डावी आणि उजवी पट्टी दिसायला एक, पण टोकाचा कोन उलटा असतो. हे काम तासाभराचे होते. नंतर बसवताना त्याने दोन दिवस वाचवले.

मग चकाकीचा प्रश्न. उर्दूत ज्याला मुलम्मा म्हणतात आणि मराठीत मुलामा, तो प्रत्येक पट्टीवर नसतो, आणि येथेच पुष्कळ नुकसान होते. जुन्या मोटारीवर तीन-चार तऱ्हेचा धातू असतो. बंपर लोखंडी पत्र्याचा, त्यावर निकेल आणि क्रोमचा मुलामा. मोनोग्राम आणि मुठी बहुधा जस्ताच्या ओतकामाच्या किंवा पितळेच्या, त्यावरही मुलामा. लांब पट्ट्या स्टेनलेसच्या, नाहीतर ॲल्युमिनियमच्या. स्टेनलेसला मुलाम्याची गरजच नाही. घासून बफ मारला की ती उजळते. चुंबक लावून पाहणारे पुष्कळ आहेत, पण त्यावर भरवसा ठेवू नये, कारण पट्ट्यांना वापरल्या जाणाऱ्या स्टेनलेसच्या काही जातींना चुंबक चिकटते. ॲल्युमिनियम वजनावरून कळते. ती पट्टी चुकून बंपरबरोबर मुलामेवाल्याकडे गेली आणि त्याने न बघता कॉस्टिकच्या किंवा आम्लाच्या टाकीत टाकली, तर ती फसफसून खाल्ली जाते. तिच्यावर ॲनोडाइझचा जो पारदर्शक थर असतो तो बफनेही निघून जातो आणि मग पट्टी लवकर मळकट होते. ती साबणाच्या पाण्याने धुऊन, हलके पुसून ठेवणेच बरे. जस्ताच्या मोनोग्रामला देवीच्या व्रणासारखे खड्डे पडलेले असतील तर नुसता मुलामा चढवून ते भरत नाहीत, आधी तांब्याचा थर चढवून पुन्हा पुन्हा घासावे लागते. हे खर्चिक काम आहे आणि ते आधी सांगितले पाहिजे.

बफवर काम करणाऱ्या पोरांसाठी दोन शब्द. लांब पट्टी उघडी धरून चाकाला लावली की चाक तिची कड पकडते आणि पट्टी हातातून भिरकावली जाते. पट्टी फळीला बांधूनच लावावी, आणि चाक कडेकडून बाहेर फिरत जाईल असे धरावे. सैल बाही नको. तोंडाला कापड नको, धुळीचा चांगला मुखवटा हवा. बफचा काळा धुरळा फुप्फुसात जातो. आमच्या परिचयातल्या दोन घरांत खोकला याच कामातून आला. कापड आमचे, म्हणून सांगण्याचा थोडा हक्क आम्ही घेतो.

मिरजेचे नाव या संदर्भात आले ते योगायोगाने नाही. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार. त्यांचे पूर्वज तलवारी-कट्यारींना धार आणि पाणी देत. शस्त्रांचे काम गेले तेव्हा फरीदसाहेबांसारख्यांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे-सतारी दुरुस्त करता करता बनवायला घेतल्या, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जुन्या वस्तूला हात लावण्याआधी ती कशी जोडली आहे हे बघण्याची सवय त्या गावात आहे. साताऱ्यातही महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर होत असे त्या काळात रंगकामाला हात बसलेले लोक होते. हुनर आपल्याकडे नाही असे म्हणता येणार नाही.

मग अडते कुठे? आमच्या मते भावात अडते. गॅरेजवाला रंगाचा ठोक भाव सांगतो. त्या भावात पट्टी काढणे, सांभाळणे, उजळणे, बसवणे धरलेले नसते. म्हणून जो पट्टी काढतो तो तोट्यात जातो आणि जो टेप मारतो त्याला नफा राहतो. अशा स्थितीत कारागिराला नीतीचे धडे देऊन काही होणार नाही. कापडाच्या धंद्यात आम्ही शिलाई वेगळी, रफू वेगळे, रंगाई वेगळी लिहितो, आणि गिऱ्हाईक ते देतो. गॅरेजवाल्यांनीही पट्टीची मजुरी कागदावर वेगळी लिहावी. एवढ्या पट्ट्या, एवढे मोनोग्राम, एवढ्या कड्या, प्रत्येकीची काढणे-बसवणे मजुरी, मुलाम्याचा खर्च बिलाप्रमाणे. त्याच कागदावर मोटार घेताना सामानाची यादी, त्यात आधीच वाकलेले आणि तुटलेले काय आहे ते, आणि खाली दोघांची सही. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असते तोवर ती अमानत असते. अमानतीची मोजदाद लिहून ठेवण्यात कोणाचा अपमान नाही. काही तुटले तर त्याच दिवशी सांगावे. आमच्या तुटलेल्या पिनेबद्दल त्या गॅरेजवाल्याने त्याच दिवशी सांगितले असते तर आम्ही चिडलो असतो, पण पुन्हा त्याच्याकडेच गेलो असतो.

आणि गिऱ्हाइकाने, म्हणजे आमच्यासारख्याने, दिवस मोजून घेऊ नयेत. ताजा रंग वरून वाळलेला दिसतो, आत मऊ असतो. त्यावर क्लिप दाबली की ती रंगात रुतते आणि पहिल्याच पावसात तिथून पाणी शिरते. रंगवाल्याने सांगितलेले दिवस थांबावे, भोकाच्या कडेला आणि क्लिपेला सीलर किंवा ग्रीस लावावे, मग पट्टी. लग्नाच्या दहा दिवस आधी जुनी मोटार रंगवायला काढणाऱ्याला गॅरेजवाल्याने सरळ नाही म्हणावे. आम्हाला कोणी तसे म्हटले असते तर त्या दिवशी वाईट वाटले असते.

धंद्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सुचते. या मोटारींच्या स्प्रिंग क्लिपा, काचेचे रबर, टोकाचे छोटे नट यांसाठी लोक मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडतात. क्लिप ही मोठी वस्तू नाही; स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी, एक छोटा डाय आणि नीट पाणी देणे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत यापेक्षा कठीण वस्तू रोज निघतात. एखाद्या तरुणाने फियाट आणि ॲम्बेसेडरच्या क्लिपांचे पाच-सात नमुने जमवून थोडा माल काढला आणि टपालाने पाठवू लागला, तर गिऱ्हाईक साताऱ्यापुरते राहणार नाही, देशभर या मोटारी आहेत. मोठे भांडवल लागणार नाही, मोठा नफाही होणार नाही, हेही सांगून ठेवतो. जोडधंदा म्हणून पाहावे.

आमची मोटार आता घरी आली आहे. पंचवीस क्लिपांपैकी सहा जुन्या चालल्या, बाकी हाताने करून घेतल्या. मोनोग्रामची पिन मिस्त्रींनी पितळेची नवी बसवून दिली. डाव्या मागच्या दाराची पट्टी मात्र वाकलेलीच आहे आणि तिची जागा आम्ही सध्या रिकामी ठेवली आहे. भोके मेणाने बंद केली आहेत. फियाट ११०० डिलाइटची डाव्या मागच्या दाराची स्टेनलेसची पट्टी कोणा बंधूंकडे जुन्या सामानात पडून असेल तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावे. मुडप नसावी. योग्य ती किंमत देऊ, आणि न्यायला आम्ही स्वतः येऊ.